बिनझाकणाचा रांजण

विंकीनं फोन पुढं केला तेव्हा फुंगयी डब्यातला गार भात काड्यांनी नुसता इकडून तिकडे करत होती. जेवणाच्या सुट्टीत विंकीचे रविवारचे फोटो बघायचे आणि 'वा, छान' म्हणायचं, हा त्या कचेरीतला रिवाजच होऊन गेला होता. पोरीला डोंगरवाटा तुडवायचं नवं वेड लागलेलं. या खेपेला समुद्रकाठच्या कड्यांवरची वाट होती. निळं पाणी, पांढरी वाळू, विंकी; पुन्हा निळं पाणी, पुन्हा विंकी. फुंगयी न बघताच 'वा' म्हणत गेली. मग एका फोटोत विंकीच्या खांद्यामागं, कड्याच्या टप्प्यावर, तीन तपकिरी रांजण ओळीनं बसलेले दिसले, आणि त्यातल्या शेवटच्या, जरा कललेल्यावर झाकण नव्हतं.

"मोठा कर जरा."

"नको ना फुंगताई, मोठा केला की मी जाड दिसते."

"तू नाही गं. तुझ्या मागचं."

विंकीनं दोन बोटांनी फोटो ताणला. रांजण जवळ आले आणि धूसर झाले. तरीही शेवटच्याच्या पोटावरचा सिमेंटचा पांढुरका पट्टा दिसत होता. तो तडा आजीनं स्वतःच्या हातानं बुजवला होता. विंकी शहरात वाढलेली असली तरी डोंगरातल्या रांजणांत काय असतं ते हाँगकाँगमधल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तिचा चेहरा पार उतरला. शपथेवर सांगते मी त्यांच्या जवळसुद्धा गेले नाही, म्हणाली, फोटो आत्ताच्या आत्ता पुसून टाकते. "पुसू नको, मला पाठव," फुंगयी म्हणाली. "ती माझी आई आहे." हे तिनं अगदी कामाच्या आवाजात सांगितलं. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतलं बटण दाबतात तेव्हा ती फुंगयीशी बोलतात, आणि ती वर्षानुवर्षं त्यांना सांगत आलेली आहे की माणूस निघालाय, दाराला हात लावू नका, भिंतीला टेकून बसा. सुट्टी संपल्यावर ती आपल्या जागेवर जाऊन बसली. एका म्हातारीचा फोन आला. म्हातारी रडत होती, फुंगयी समजावत राहिली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण दार म्हणायच्या जागी झाकण म्हणतोय. आत्ता उघडेल हं झाकण, आजी.

फूशा या तिच्या माहेरच्या गावात माणसाला दोनदा पुरायची पद्धत होती. आधी मातीत, मग काही वर्षांनी मातीतून काढून, तांदळाच्या दारूनं पुसून, रांजणात बसवायचं. पाय तळाशी, त्यावर मांड्या, कंबर, पाठ, आणि डोकं सगळ्यात वर, तोंड समुद्राकडे. आता गावात कुणी राहत नाही. पुरुष कधीच इंग्लंडला हॉटेलांच्या भटारखान्यांत गेले, त्यांच्यामागं बायका गेल्या, आणि राहिले ते हे कड्यावर बसलेले. शरदातल्या पितरांच्या सणाला मुलांनी यायचं, गवत कापायचं, उदबत्त्या लावायच्या. मुलांनी. लग्न होऊन गेलेल्या मुलीनं माहेरच्या अस्थींना हात लावायचा नाही. लावला तर भावाच्या घरचं भाग्य तिच्या बोटांना चिकटून सासरी जातं, असं आजी सांगायची, आणि आजी असं काही सांगायला लागली की समोरचा माणूस आपोआप आपली बोटं बघायचा. वायहोंग, फुंगयीचा धाकटा भाऊ, दहा वर्षांचा असताना वडिलांकडे मँचेस्टरला गेला. सुरुवातीला दोन-चार वर्षांनी एकदा सणाला येऊन जायचा. मग धंदा, मग मुलं, मग साथीची वर्षं. आणि आता त्याच्या पोटात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन.

आजी आणखीही एक सांगायची. रांजणात पाणी शिरलं की मुलाच्या घरात दुखणं शिरतं. फुंगयी काही खुळी नव्हती. साठीला टेकलेली बाई, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेणारी, लेकाला इंजिनिअर केलेली. हे सगळं बोलणं तिला हसण्यावारी नेता आलं असतं. पण झाकण कधी उडालं असेल? मागच्या वादळात? वायहोंगला पोटात दुखायला लागलं तेही त्याच सुमाराला, आणि एकदा ही दोन टोकं तिच्या मनात एकमेकांना चिकटली ती काही केल्या सुटेनात. लोकांना सांगता येत नाही आणि आपल्याला टाकता येत नाही, असा हा विचार. ती भांडी घासायची, टीव्ही बघायची, आणि कुठंतरी कड्यावर एका तोंड उघड्या रांजणात पाऊस पडत राहायचा.

तिनं साय-कुंगमधल्या अस्थींची कामं करणाऱ्या माणसाला फोन करून बघितला. पंचांगात सणाच्या आधी एकही दिवस चांगला नाही, तो म्हणाला, त्यातून नवं वादळ येतंय. मग तिनं शुकफनला, भावजयीला, फोन केला. ते करायला नको होतं असं तिला नंतर वाटलं. शुकफनही तसल्याच एका गावची. ती आधी रडली, मग तिनं विचारलं की पाणी किती असेल, मग एकदम सावध झाली. तो माणूस येईल तेव्हा येऊ दे, म्हणाली, पैसे आम्ही पाठवतो. "ताई, पाया पडते, तुम्ही हात लावू नका. तुम्ही आता सासरच्या, लो घरच्या. आत्ता तर नकोच नको. त्यांना काही झालं तर मी कुणाकडे बघू?" फुंगयी बरं म्हणाली. तिला राग आला नाही. शुकफनच्या जागी ती असती तर तिनंही हेच म्हटलं असतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

मंगळवारी तिनं रजा टाकली. नुसतं झाकण ठेवून येते, एवढंच, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. झाकण म्हणजे काही अस्थी नव्हेत. मी येतो, तो म्हणाला. गुडघे घेऊन कुठं येताय, ती म्हणाली. तरीही पिशवी भरताना तिनं संत्री आणि उदबत्त्यांबरोबर तांदळाच्या दारूची बाटली टाकली, जुना पण स्वच्छ पंचा टाकला, काळी छत्री टाकली. नवऱ्यानं ते सगळं बघितलं आणि आपल्या चहात लक्ष घातलं. त्या माणसाचा तेवढा गुण आहे.

मिनीबसमधून ती उतरली तिथून वाट सिमेंटची होती. तिच्या लहानपणी नव्हती. वादळ अजून लांब होतं आणि हवा त्याच्या आधी असते तशी, स्वच्छ आणि मेलेली. कड्यावरून पहिली खाडी दिसली. खाली वाळूची कोर, तिच्यावर एकच ओढलेली लाट. समोरून काठ्या टेकत येणारी माणसं 'जो सान' म्हणत होती, प्रत्येक जण, हसून. हीच माणसं उद्या लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहतील. इथं मात्र अनोळखी माणसाला सकाळ चांगली जावो म्हणायची पद्धत पडलेली आहे, आणि फुंगयीही म्हणत होती, जो सान, जो सान, आणि पिशवीतली बाटली काचेचा आवाज करत होती. या वाटेला कुणी सुंदर म्हणेल असं तिच्या गावात कुणाला कधी वाटलं नव्हतं. ही बाजाराची वाट होती. आई काळ्या झालरीची टोपी घालून, खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे डुकराच्या पिलांच्या टोपल्या लावून हीच चढण चढायची, अनवाणी, आणि फुंगयी मागून टोपलीच्या दोरीचं टोक धरून. पिलं किंचाळायची. आई कधी मागं वळून बघायची नाही, दोरी ताणली गेली की तिला कळायचं पोरगी मागं आहे. त्यामुळं फुंगयीला आईची पाठ आठवते. घामानं चिकटलेला सदरा, मानेवरचा एक तीळ, पोटऱ्या. चेहरा आठवायला गेलं की टोपीची झालर आडवी येते. खोटं कशाला, चेहरा तिला आठवतच नाही. तिला वाटायचं की आठवतो, आणि एकदा मुलाच्या लग्नात कुणीतरी विचारलं, तुमची आई दिसायला कशी होती, तेव्हा तिनं तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. फोटो एकच होता, ओळखपत्रावरचा, आणि तो ओळखपत्राबरोबर सरकारजमा झाला. विंकी एका रविवारी स्वतःचे दोनशे फोटो काढते.

खिंडीत ती थांबली. इथं विसाव्याला मंडप बांधलाय, बाक आहेत, एक बाई सोललेलं पपनस खात बसली होती. याच खिंडीत आईला दारावर घालून आणलं होतं, घराचं दार काढून, चौघांनी खांदा देऊन, पलीकडे दवाखान्यात न्यायला. पोटात दुखत होतं. तिलाही पोटातच. फुंगयी दाराच्या मागं मागं चालत होती आणि वायहोंग तिच्या पाठीला झोळीत, दोन वर्षांचा, जड, झोपलेला. खिंडीत माणसांनी दार खाली ठेवलं. तिला वाटलं दमले. मग ती माणसं पलीकडे उतरायच्या ऐवजी दार उचलून परत फिरली आणि कुणी तिला काही सांगितलं नाही. तिनं आपलं वळून परत चालायला लागायचं. वायहोंग जागा झाला आणि आईला हाका मारायला लागला. गप रे, ती म्हणाली होती, आई झोपलीय. गावात पोचेपर्यंत तो हाका मारत होता. नंतरही काही दिवस. मग थांबला.

आणि आता त्याच्या गाठीला आपला हात लागू नये म्हणून आपण झाकण तेवढं ठेवून परत यायचं, असं ती स्वतःला बजावत उतरली. पाणी आईचं, पोट भावाचं, आणि बोटं आपली. आजी असती तर तिनं तिघांचा हिशेब एका वाक्यात लावला असता. फुंगयीला एवढंच कळत होतं की गुरुवारी टेबलावर त्याचं काही बरंवाईट झालं तर शुकफन आयुष्यभर आपल्या हातांकडे बघेल, आणि आपणही बघू.

दुसऱ्या खाडीच्या वर, केवड्याच्या बनातून, रांजणांचा टप्पा होता. रानगाई येऊन गेल्या होत्या. शेण पडलेलं, गवत दबलेलं. तेव्हा वादळ नाही, गाय. एखादीनं अंग घासलं असणार. रांजण आडवा होता होता मागच्या खडकाला टेकून राहिला होता, तिरका, तोंड आभाळाकडे. झाकण खाली नेच्यात सापडलं, अख्खं. ते हातात घेऊन ती रांजणापाशी आली आणि बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही तिनं आत बघितलं. पाणी काठोकाठ होतं. काळं, वर केवड्याची पानं, डासांची वळवळ. आणि पाण्याखाली काहीतरी गोल, फिकट, उलटं पडलेलं. आई डोक्यावर पडली होती. सगळं आत ढवळलं गेलं होतं. तिचे पाय कुठं आणि कंबर कुठं.

तिनं झाकण गवतात ठेवलं. नुसतं ठेवलं, त्यात ठरवणं असं काही नव्हतं. यावर झाकण लावून घरी जायचं, भात करायचा, हे तिच्याच्यानं होणार नव्हतं, बस्स. तिनं छत्री उघडली आणि तिचा दांडा दोन दगडांत रोवला, कारण अस्थींना उघडं आभाळ दिसू द्यायचं नाही. पंचा पसरला. मग बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाणी वरून ऊन होतं आणि आत गार. पहिल्यांदा हाताला काय लागलं ते तिला कळलं नाही, पण बोटांनी ते धरलं.

पाणी निथळून गेलं, अस्थी पंच्यावर आल्या, लालसर, वाटलं होतं त्याहून कितीतरी थोड्या, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. आईला रांजणात बसवलं त्या दिवशी ती सोळा वर्षांची होती, केवड्याआडून चोरून बघत होती, कारण मुलींनी यायचं नव्हतं. वायहोंग मात्र मुलगा म्हणून छत्रीखाली अगदी पुढं उभा होता, नवे बूट घालून. काम करणाऱ्या म्हाताऱ्याचे हात भराभर चालत होते आणि तिला दिसत होती ती त्याचीही पाठच. आता तिनं एक लांब हाड उचललं, आपल्या मांडीशी धरून बघितलं, मग पोटरीशी. पोटरीचं. ते बाजूला ठेवलं. दुसरं दंडाशी लावलं, नाही, मग हाताशी. असं एकेक. आपल्या पायाचा घोटा चाचपायचा आणि तसला घोटा पंच्यावर शोधायचा. बरगड्या मोजायला तिनं ब्लाऊजवरून स्वतःच्या बरगड्या दाबल्या. प्रत्येक हाड तिच्यापेक्षा लहान होतं, बोटभर का होईना, लहान. ही बाई आपल्याहून ठेंगणी होती. आणि तरुण. आपल्या सुनेच्या वयाची. या पोरीला फुंगयी इतकी वर्षं आई म्हणत आली होती. तिला एकदम रडू फुटलं, हुंदके देऊन ती रडली, हात थांबवले नाहीत. वाटेवरून एक घोळका उतरत होता. पहिल्यानं सवयीनं 'जो सान' म्हटलं, मग पंचा बघितला, टोपी काढली आणि मागच्यांना हातानं पुढं जायला लावलं.

पाय, मग मांड्या, असं बसवत आणलं आणि कंबर राहूनच गेली होती. सगळं पुन्हा काढलं. पुन्हा पायांपासून. ऊन कलायला लागलं होतं, डोकं तेवढं राहिलं होतं, ते तिनं मांडीवर घेऊन दारूच्या बोळ्यानं पुसायला घेतलं आणि पिशवीत फोन वाजला. वायहोंग. तिकडे सकाळ होती, तो वॉर्डातून बोलत होता, हळू आवाजात. शुकफन अजून आलेली नव्हती. बहिणीशी तो गावच्या बोलीत बोलायचा, आणि ती बोली त्याच्या तोंडात दहा वर्षांच्या मुलाचीच राहिली होती.

"ताई, दाजी म्हणाले तू कड्यावर गेलीयस. शुकफननं तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"पाणी होतं आत. काढलं."

"हातानं?"

"मग काय पायानं काढू?"

पलीकडे, मागं कुठंतरी चाकांचा गाडा गेला. फुंगयीला कामाचा आवाज लावायचा होता, माणूस निघालाय, घाबरू नका, पण तो लागला नाही. "मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. "तुला काही झालं तर माझ्या हातांचं मी काय करू?"

"जे व्हायचं ते आधीच झालंय माझ्या पोटात," तो म्हणाला. "तुझे हात आज लागले." मग, "डोकं आत ठेवलंस?"

"नाही अजून. मांडीवर आहे माझ्या."

"कशी दिसते?"

तिला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तो पुढं बोलत होता, घाईनं, कुणी येण्याआधी बोलून टाकावं तसा. त्या दिवशी त्याला पुढं उभं केलं, बघ म्हणाले, तुझा मान आहे, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत मिटलेलेच ठेवले. झाकण लागल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. लोक म्हणाले शहाणा मुलगा, रडला नाही.

"फोटो काढून पाठवते," ती म्हणाली.

"फोटो नको. तू सांग."

फुंगयीनं फोन खांद्याशी दाबला, खालचा सुटा जबडा जागेवर लावला आणि ते डोकं दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं. आता मध्ये झालर नव्हती. तिनं बराच वेळ बघितलं. "लहान आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा लहान. कपाळ मोठं आहे. गालाची हाडं वर आहेत, तुझ्या थोरलीची आहेत तशी. खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत."

"खालचे?"

"खालचे. तुझ्यासारखेच."

"इथला दातांचा डॉक्टर सारखा विचारतो," तो म्हणाला, "की हे घरात कुणाचे. मी सांगतो, माहीत नाही." मग नाक ओढून, "बसव तिला."

"मी बसवू?"

"मग कोण? मी तर इथं खाटेवर."

तिनं डोकं वर ठेवलं, तोंड समुद्राकडे केलं, हलत नाही ना ते बोटानं बघितलं, आणि झाकण उचललं. झाकणाचा रांजणाला घासल्याचा आवाज त्याला ऐकू गेला असावा.

"थांब. लावू नको एवढ्यात. फोन आत धर जरा."

तिनं फोन रांजणाच्या तोंडात धरला, मनगटापर्यंत, आणि स्वतः खाली खाडीकडे बघत राहिली, कारण हे आपल्यासाठी नाही असं तिला वाटलं. तरी आवाज आलाच. एकच शब्द, गावच्या बोलीतला, पण दहा वर्षांच्या मुलाचाही नाही. दोन वर्षांचं पोर झोपेतून उठून म्हणतं तसा, शेवट लांबवत ओढलेला. त्यानंतर तो शब्द त्याला कुणाला म्हणायलाच मिळाला नव्हता. मग काहीच नाही. तो थांबला होता, पण त्यानं फोन ठेवला नव्हता. फुंगयीच्या हाताला रग लागली, तरी तिनं हात बाहेर काढला नाही.